आरमाराचा अभिमान आणि खलाशाची देणी

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. पुढच्या वर्षी ४ डिसेंबरचा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, राजकोटला महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची पदचिन्हं मराठा आरमाराची आठवण देतील अशी होणार, हे पंतप्रधानांनी तिथंच जाहीर केलं. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यावरून जे व्हायचं ते राजकारण झालं आणि आता तिथं आधीपेक्षा उंच पुतळा उभा आहे.

यातल्या कशाबद्दलच माझ्या मनात आकस नाही. निशाण बदललं ते बरंच झालं, उशिरा झालं इतकंच. पण आरमाराचा वारसा म्हणून आपण जे उचललंय ते सगळं लांबून दिसणारं आहे. निशाण, पुतळा, बिल्ला, युद्धनौकेचं नाव. त्या नौकेच्या पोटात इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पगार, नोकरी सुटल्यावरची त्याची सोय आणि मेल्यावर कुठंतरी कोरलेलं त्याचं नाव ही कलमं वारशाच्या यादीत येतच नाहीत. खुद्द मराठा आरमाराच्या कागदांत मात्र ती आहेत.

रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यकारभारावरचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. ‘आरमार म्हणजे एक स्वतंत्र राज्यांगच आहे’ आणि ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ ही त्यातली वाक्यं नौदल दिनाच्या प्रत्येक भाषणात ऐकू येतात. त्याच प्रकरणात थोडं पुढं वाचलं की अमात्य हिशेबाला बसतात. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलीतून नेमून द्यावा, समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये, असं ते बजावतात. कारण सरळ आहे. ज्याचं पोट लुटीवर, तो व्यापाऱ्याला छळणार आणि बंदर ओस पडणार. मग लाकडाची गोष्ट येते. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. ज्या राज्यांगाचा एवढा डौल मिरवायचा, त्याचा खर्च कुणाच्या पाठीवर टाकायचा नाही, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. भाषणं मात्र त्या दोन वाक्यांच्या पुढं सरकत नाहीत.

गलबतांवर आणि गुराबांवर होतं कोण? भंडारी, कोळी, गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांच्या नाकासमोर तटबंदी चढत होती तेव्हा पुढं होते मायनाक भंडारी आणि दौलतखान. घाटावरच्या समाजाला ही माणसं तेव्हाही लांबची होती आणि मला वाटतं आजही तितकी जवळची नाहीत. मराठी मन घोड्यावर बसलं, होडीत फारसं बसलंच नाही. कान्होजी आंगऱ्यांच्या पश्चात आरमार हे दौलतीचं अंग न राहता आंगऱ्यांच्या घरचं प्रकरण झालं, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तुळाजी आंगऱ्यांच्या विजयदुर्गावर चाल केली तेव्हा पेशव्यांचं सैन्य त्यांच्या बाजूनं जमिनीवर उभं होतं. तुळाजीचं आरमार बंदरातच जळालं. घरच्या भांडणात घरचं आरमार जाळायला परक्याची मदत घेतल्याचा हा प्रसंग नौदल दिनाला कुणी सांगत नाही. सांगायला हवा. आरमार कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर समाजानं ‘आमचं’ असं दिलं नाही की ते कसं जातं, ते यातून कळतं.

आरमार जळालं, कोकणातला दर्यावर्दी मात्र संपला नाही. तो धनी बदलून समुद्रावरच राहिला. इंग्रजांच्या रॉयल इंडियन मरीन या नौदलात रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा होता. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक आहे. समुद्राशिवाय ज्यांना कबर मिळाली नाही अशी ही माणसं, लढाऊ जहाजांवरची आणि व्यापारी जहाजांवरचीही. त्यांची नावं टिकवण्याचं काम कोण करतं? राष्ट्रकुलाचा युद्धसमाधी आयोग. गेटवे पाहायला जाणारे आपण तिकडं फिरकत नाही, आणि शाळांच्या सहलीही जात नाहीत.

आता १९४६. महायुद्धाच्या सुरुवातीला दीड-दोन हजार माणसांचं असलेलं रॉयल इंडियन नेव्ही युद्ध संपेपर्यंत तीस हजारांच्या घरात गेलं होतं. शिकलेली, तंत्र जाणणारी, प्रांतोप्रांतीची पोरं आली होती. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण तळावर त्यांनी जेवण नाकारलं. डाळ-भात खाण्यालायक नव्हता आणि तळप्रमुख कमांडर किंगची तोंडाची भाषा त्याहून वाईट होती. दोन दिवसांत संप जहाजांवर पसरला, कराचीपर्यंत गेला. ७८ जहाजं, २० किनारी तळ, सुमारे २० हजार नौसैनिक. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात असतं, पण एक पान मात्र गाळलेलं असतं, ते मागण्यांचं.

आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, या राजकीय मागण्या होत्या हे आपल्याला माहीत असतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या मागण्या पाहा. चांगलं हिंदी जेवण द्या. गोऱ्या नौसैनिकाइतका पगार आणि कुटुंबभत्ता द्या. सुटताना गणवेशाचे कपडे परत मागू नका. सुटतानाची ग्रॅच्युइटी वाढवा. नौदलातून लवकर मोकळं करा आणि बाहेर बरं काम मिळेल असं पाहा. एका ओळीत साम्राज्याला आव्हान आणि पुढच्या ओळीत सदरा-पाटलोणीचा हिशेब. काही अभ्यासक या दुसऱ्या मागण्या किरकोळ समजतात, जणू त्यांच्यामुळं बंड थोडं खाली येतं. मला उलट वाटतं. आपण माणूस आहोत, नोकरी सुटल्यावरही माणूस राहणार आहोत, हे त्या पोरांनी कागदावर मांडलं. कोणत्याही सशस्त्र दलाचा कणा या कलमांवरच उभा असतो.

आणि तेव्हा मुंबईनं त्यांना एकटं सोडलं नव्हतं. गेटवेच्या कठड्यापाशी माणसं जेवणाच्या पुरचुंड्या, फळं, दूध घेऊन आली आणि होड्यांतून ते जहाजांवर पोचलं. गिरणगावानं हरताळ पाळला. रस्त्यावर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले, परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. नौसैनिकाच्या ताटात काय पडतं याची काळजी एका शहरानं केली, त्याची किंमतही मोजली. मुंबईच्या इतिहासात नौदल आणि जनता इतकी जवळ ना त्याआधी आली ना त्यानंतर.

२३ तारखेला, पटेलांच्या सल्ल्यानंतर आणि कुणाला सूडबुद्धीनं वागवलं जाणार नाही अशा भरवशावर, शरणागती झाली. भरवसा पाळला गेला नाही. चारशे शहात्तर जणांना काढून टाकलं आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानंही त्यांना परत घेतलं नाही. शिस्तीचा प्रश्न होता म्हणे. पुढं त्या उठावाला स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत जागा मिळाली, कुलाब्यात स्मारक झालं, २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी नौदलाच्या चित्ररथावर हाच उठाव होता. नौदलानं दोन टगबोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त ही उठावाच्या पुढाऱ्यांची नावंही दिली. टगबोट मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावते. नाव ठेवणाऱ्यानं हा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण नाव शोभतं.

सन्मान झाला, पण मागण्या? १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. त्याआधी नौदलात भरती होणारा सर्वसाधारण नौसैनिक १५ वर्षांच्या करारावर जायचा आणि पेन्शन घेऊन यायचा. आता चार वर्षं, त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढं कायम, बाकीच्यांच्या हातात सेवानिधीचे साधारण ११ लाख ७१ हजार रुपये. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. १९४६ च्या पोरांनी ज्या ग्रॅच्युइटीसाठी आणि बाहेरच्या कामासाठी गोऱ्या सरकारशी भांडण काढलं, तीच दोन कलमं अमृत महोत्सवी वर्षात आपल्याच सरकारनं खोडली किंवा पातळ केली. चित्ररथावर त्यांचा उठाव आणि चार-पाच महिन्यांनी ही योजना, दोन्ही एकाच वर्षात.

योजनेच्या बाजूनं जे सांगितलं जातं ते वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पेन्शनचा बोजा खरा आहे. तो वाढत गेला की जहाजांना आणि दारूगोळ्याला पैसा उरत नाही हेही खरं. दल तरुण असावं हा मुद्दा डोंगरावर चढणाऱ्या पायदळाच्या बाबतीत मला पटतोसुद्धा. पण युद्धनौका म्हणजे तरंगता कारखाना असतो. सोनारवर बसलेल्या माणसाला पाण्यातल्या आवाजांतून पाणबुडी कोणती आणि माशांचा थवा कोणता हे ओळखता यायला वर्षं लागतात. गॅस टर्बाइनचा सूर बिघडल्याचं हाताला कळणं हेही चार वर्षांच्या आत क्वचितच येतं. पहिलं वर्ष प्रशिक्षणात, शेवटच्या वर्षी पोराचं लक्ष बाहेरच्या परीक्षांवर. मधली दोन वर्षं देशाला मिळाली. फौजेच्या तिन्ही दलांना एकच माप लावून शिवलेला हा अंगरखा आहे आणि नौदलाला तो काखेत काचतो.

सरकारनं सोय केली नाही असंही नाही. निमलष्करी दलांत आणि तटरक्षक दलात २०२२ मध्ये दहा टक्के आरक्षण जाहीर झालं, व्यापारी नौकांवर जाण्याचे मार्ग नौवहन महासंचालनालयानं आखून दिलेत. पण आरक्षण म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा परीक्षा. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर दाखल झाली आणि २८ मार्च २०२३ ला तिचं दीक्षान्त संचलन झालं. सुमारे २,६०० जण, त्यांत २७३ मुली. नौसैनिकांच्या रांगेत मुली पहिल्यांदाच आल्या, याचं कौतुक व्हायला हवं आणि झालंही. या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात.

नोकरीतल्या माणसाला नौदल सांभाळतं, यात शंका नाही. तळावरची शाळा, कुलाब्याचं अश्विनी रुग्णालय, नौसैनिकांच्या बायकांनी उभी केलेली कल्याणकारी संघटना, बडा खान्याला एका पंगतीत बसणारे अधिकारी आणि नौसैनिक. जहाज सहा-सहा महिने बाहेर असताना घरी पोराला ताप आला तर शेजारची वहिनी रात्री दवाखान्यात घेऊन जाते, ही त्या कुंपणाच्या आतली रीत आहे. अडचण कुंपणाबाहेर सुरू होते. बाहेर त्याच्या वाट्याला येतं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. आपल्याकडं त्याचं रूप म्हणजे प्रत्येक कार्यालयाला ठरवून दिलेलं निधीचं उद्दिष्ट आणि शाळेत वाटलेले कागदी झेंडे, ज्यांच्या तीन रंगांपैकी गडद निळा नौदलाचा असतो हे गुरुजींनाही सांगता येतंच असं नाही. समाजाचं देणं असं वसुलीच्या तक्त्यात बसवलं की ते देणं राहत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. तिथं घराघरात फौजी, गावात स्मारक, नव्या भरतीला जाणाऱ्या पोराला कुठला कागद कुठं लागतो ते पारावर बसलेला निवृत्त सुभेदार सांगतो. पायदळाभोवती समाजानं हे आपणहून विणलं. आरमाराचं असं एखादं गाव चटकन आठवून पाहा. सातशे किलोमीटरहून अधिक किनारा असलेल्या, शिवरायांच्या आरमाराचं नाव घेणाऱ्या राज्याला ते आठवू नये, हे मला पुतळा पडण्याइतकंच लागतं.

अमेरिकेच्या मरीन कोअर या समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या दलाची एक प्रथा आहे. १० नोव्हेंबर १७७५ हा त्यांचा स्थापनादिन. दरवर्षी त्या दिवशी, छावणी असो की जहाज की रणभूमी, केक कापला जातो. हजर असलेल्या सर्वांत वयस्क मरीनला एक तुकडा, मग तो सर्वांत तरुण मरीनच्या हाती. निवृत्तांच्या संघटना गावोगाव हा दिवस करतात. अमेरिकेच्या लढायांबद्दल माझी मतं वेगळी आहेत, आणि मरीनपणाचं तिथं जे देव्हारं माजवतात तेही मला रुचत नाही. पण निवृत्त माणूस दलाच्या बाहेर पडत नाही, हे त्यांनी पैशाशिवाय, केकच्या दोन तुकड्यांत पक्कं केलं. आपल्याकडं चार वर्षांनी सुटलेल्या पोराला आपण माजी सैनिक म्हणायलाही तयार नाही.

खुक्री या युद्धनौकेचं उदाहरण घ्या. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरनं ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. त्यांच्याबरोबर आणखी १७ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या १७६ पैकी मराठी घरांतले किती, कोणत्या गावचे, त्यांच्या बायकापोरांचं पुढं काय झालं, हे एखाद्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तरी असावं ना?

संग्रहालयांची कथा तर उघडीच आहे. जुनी विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून तरंगली, २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादाच्या मोटरसायकली निघाल्या. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी राज्य मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला लागली. आता निवतीजवळच गुलदार ही जुनी नौका समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. व्हावं. पण विशाखापट्टणमला जाऊन कुरसुरा पाहून या. २००२ पासून ही पाणबुडी किनाऱ्यावर वाळूत उभी आहे. आत शिरलं की खांदे आवळून चालावं लागतं, एकावर एक टांगलेल्या बिछान्यांशेजारीच टॉर्पेडोच्या नळ्या. आणि माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक. त्यांना पाठ केलेली स्क्रिप्ट लागत नाही. इतकी माणसं या नळकांड्यात आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्याच्या कमतरतेत कशी राहतात, ते सांगताना त्यांचा हात आपोआप ज्या झडपेवर जातो ती झडप पाहणाऱ्याला लक्षात राहते. गोव्यात बोगमाळ्याला नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. महाराष्ट्रात जहाज जगवायची ऐपत नाही असं कुणी म्हणू नये, ८५२ कोटींचा आकडा आपणच लिहिला होता.

दिल्लीनं अग्निपथ बदलावी, नौदलासाठी मुदत निदान दुप्पट करावी आणि सुटणाऱ्याला ग्रॅच्युइटी द्यावी, ही मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून करायला हवी. ते कितपत होईल याबद्दल मी फार आशावादी नाही. पण मुंबईत बसून होण्यासारखं बरंच आहे. २६/११ नंतर किनाऱ्यावर सागरी पोलिस ठाणी झाली, गस्ती बोटी आल्या. त्या चालवायला सारंग, तांडेल, इंजिनचालक मिळत नाहीत ही ओरड तेव्हापासून चालू आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या गस्ती नौकांना, मेरीटाइम बोर्डाच्या बंदरांना, रेवस-मांडव्यापासून मालवणपर्यंतच्या जलवाहतुकीला हीच माणसं लागतात. ती २०२६ च्या अखेरीपासून दरवर्षी प्रशिक्षण घेऊन, समुद्राची सवय घेऊन, वयाच्या विशी-पंचविशीत घरी येणार आहेत. त्यांना पुन्हा लेखी परीक्षेच्या रांगेत न बसवता थेट घेण्याचा नियम राज्याला करता येईल. त्यांची चार वर्षं सेवाज्येष्ठतेत आणि निवृत्तिवेतनात धरता येतील. त्यासाठी ना पुतळा लागतो ना जहाज, गृह खात्याचा एक शासन निर्णय पुरतो. गुलदारच्या संग्रहालयात माहिती सांगायला कोण नेमायचं, हेही त्याच कागदावर लिहून टाकावं.